मदत हवी आहे: द्विशिक्षकी शाळेत ऑनलाइन कामाला माणूस कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे. यू-डायस (शाळेची सगळी माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली), पोषण आहाराची रोजची नोंद, वर 'आज दुपारपर्यंत माहिती पाठवा' हे निरोप. आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडेच दोन केंद्रं, त्यांना तरी काय बोलणार! शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं; पण माहिती भरणं 'शैक्षणिक'च धरतात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने कुणी गावातलाच मदतनीस मानधनावर घेतलाय का? खर्च कशात दाखवला, लोकवर्गणीत की संयुक्त शाळा अनुदानात (शाळेच्या खर्चासाठी दरवर्षी मिळणारं सरकारी अनुदान)? लेखापरीक्षणात आक्षेप आला का? ठरावाचा नमुना असल्यास कृपया टाका.