हेअर ट्रान्सप्लांट करण्याआधी काय काय बघितलंत? तुमचे अनुभव लिहा

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत आणि भोवऱ्यापाशी पण विरळ व्हायला लागलंय. बाबा आणि मामा दोघांनाही पूर्ण टक्कल. मुली बघायला सुरुवात व्हायच्या आधी ट्रान्सप्लांट करायचंच म्हणतोय. इथे नाशिकलाच एका ठिकाणी जाऊन आला, तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सेलर बाईंनी डोकं बघून ३५०० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे छोटे पुंजके) लागतील सांगितलं, ईएमआय करून देतो, रविवारपर्यंत बुक केलंत तर डिस्काउंट. पाच हजार भरून आलाय. तो फोटोत कायम मागे उभा राहतो, मला त्याचं दुःख दिसतं म्हणून नको असंही म्हणवत नाही. ज्यांनी केलंय किंवा करता करता थांबले त्यांनी प्लीज लिहा.

—

ताई, मी २५व्या वर्षी पुण्यात केलं, आता ३९ आहे. मला कॉलेजातली हेअरलाइन परत हवी होती आणि डॉक्टरांनीही मी म्हणेन तिथे, चांगली खाली आखून दिली, २८०० ग्राफ्ट सगळे पुढेच लावले. दोन-तीन वर्षं छान गेली. पण लावलेले केस टिकतात, मूळचे गळायचे थांबत नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूच्या केसांवर डीएचटी हार्मोनचा (ज्याने पुरुषांना टक्कल पडतं) परिणाम फारसा होत नाही आणि ते पुढे लावले तरी तो गुण सोबत घेऊन येतात, सगळी सर्जरी यावरच उभी आहे. माझे मधले जुने केस मात्र जातच राहिले आणि ३१व्या वर्षी पुढे दाट पट्टा आणि त्यामागे एकदम रिकामी जागा असं झालं, ते टकलापेक्षा जास्त नजरेत यायचं. दुसरी सर्जरी करून मधली जागा भरली. आता भोवरा उघडा पडतोय पण मागे काढण्यासारखं फार उरलेलं नाही.

बहुतेकांच्या डोक्यामागून आयुष्यभरात मिळून पाच-सहा हजार ग्राफ्टच नीट काढता येतात, आणि जिथून काढला तिथे परत उगवत नाही. वडील आणि मामा दोघांनाही पूर्ण टक्कल म्हणताय, म्हणजे भावाचं अजून बरंच जायचं असू शकतं. आत्ताच ३५०० काढले तर चाळिशीत काय लावणार हे त्या बाईंना नक्की विचारा.

फिनास्टेराइड, म्हणजे केस गळणं रोखायची गोळी, मी दुसऱ्या सर्जरीनंतर सुरू केलं, ते आधी करायला हवं होतं. मला त्रास झाला नाही, पण काहींना लैंगिक इच्छा कमी होते, उदास वाटतं, त्यामुळे डॉक्टरांशी मोकळं बोलूनच घ्यावं. पुढे कधी प्रोस्टेटसाठी पीएसए टेस्ट केली तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं, आकडा साधारण निम्मा येतो.

—

माझं लग्न फेब्रुवारीत आणि मी डिसेंबरात करून घेतलं. लावलेले केस महिना-दीड महिन्यात गळून पडतात, मुळं आत राहतात, नवीन यायला तीन-चार महिने आणि पूर्ण रिझल्टला वर्ष, हे मला कोणी नीट सांगितलंच नाही. आजूबाजूचे स्वतःचे पण थोडे गेले, त्याला शॉक लॉस म्हणतात. हळदीच्या फोटोत आधी होते त्याहून कमी केस आहेत. होणाऱ्या बायकोला सगळं आधीच सांगून टाकलं होतं, ते फार बरं केलं. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली, आठवडाभर पाठीशी उशा रचून अर्धवट बसूनच झोपलो, हेल्मेट घालता येत नाही म्हणून दोन आठवडे रिक्षाने ऑफिस. आता दीड वर्ष झालं, केस छान आलेत, मी खूश आहे.

—

आम्ही नेदरलँड्सला असतो, इथला खर्च झेपेना म्हणून नवरा इस्तंबूलला जाऊन आला, हॉटेल, गाडी, दुभाषी सगळं पॅकेजमध्ये. डॉक्टर हेअरलाइनची रेघ मारण्यापुरते आले, बाकी दिवसभर टेक्निशियन. ४००० म्हणाले आणि ४००० काढले, मागचं डोकं आता वाळवी लागल्यासारखं दिसतं, केस बारीक कापताच येत नाहीत. पुढे बरे आलेत. तक्रार करायची तर व्हॉट्सॲपवर आधी उत्तरं यायची, मग तीही बंद. कापणार कोण आणि लावणार कोण, नावानिशी लिहून घ्या.

—

बायकांसाठी लिहिते. माझा भांग रुंद होत चालला होता, एका क्लिनिकने थेट १५०० ग्राफ्ट सांगितले. ठाण्यातल्या आमच्या नेहमीच्या स्किनच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) अगदी कमी आणि थायरॉइड बिघडलेलं. लोह आणि थायरॉइडची गोळी, आठ-नऊ महिन्यांत गळणं थांबलं. चाई असेल किंवा टाळूवर व्रण पाडणारा आजार चालू असेल तर लावलेले केससुद्धा जाऊ शकतात, अशा वेळी कधी कधी बायोप्सी करावी लागते असं त्यांनी सांगितलं. आधी कारण शोधा.

—

मी भूलतज्ज्ञ आहे. लोक याला पार्लरचं काम समजतात, ते तसं नाही. भुलेच्या लिग्नोकेनची मर्यादा वजनावर ठरते, ॲड्रेनलीन मिसळलेलं असलं तरी किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात, त्यामुळे एका दिवसात कितीही ग्राफ्ट करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट केल्यानंतर रिॲक्शन येऊन मृत्यू झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट सांगितलंय की हे काम सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावं, व्हिडिओ बघून शिकलेल्यांनी नाही. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा. ऑक्सिजन आणि इमर्जन्सी औषधं दाखवा म्हणा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कसली ॲलर्जी, काहीही लपवू नका.

—

मी २००९ ला केलं, डोक्यामागची केसांसकट कातडीची पट्टी काढून. मागे कानापासून कानापर्यंत टाके. केस वाढलेले असले की कळत नाही, घरात फक्त बायकोला माहीत होतं. आई गेली तेव्हा दहाव्याला क्षौर करायचं होतं, घाटावर सगळे नातेवाईक, आणि तो व्रण तेव्हा सगळ्यांनी बघितला. आईलाही कधी सांगितलं नव्हतं. कोणी काही बोललं नाही. आता एकेक ग्राफ्ट काढायची पद्धत आलीये, तिचे ठिपके उरतात, रेघ नाही. पण डोकं पूर्ण भादरलं की काहीतरी दिसतंच, भावाला हे आधी सांगा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने रात्री बसून सगळं वाचलं, क्षौराचं वाचून बराच वेळ गप्प होता. पाच हजार परत देत नाहीत म्हणाले, तरी रविवारी गेला नाही. काल स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले, गोळी आणि मिनॉक्सिडिल (केस वाढायचं औषध) सुरू केलंय, वर्षाने हेच फोटो पुन्हा काढून मग ठरवू म्हणाल्या. मिनॉक्सिडिलने पहिले काही आठवडे गळणं वाढल्यासारखं वाटतं असं त्यांनी बजावलंय, तो त्यालाच घाबरलाय. ज्यांनी यातून गेलात त्यांनी किती दिवस चाललं ते लिहाल का?