मदत हवी आहे: बाळंतिणीच्या मनाची प्रश्नावली भरून येते, पण गुण इतके कमी का?

रानजाई

गटप्रवर्तक म्हणून माझ्याकडे वीस आशाताई आहेत. बाळंतपणानंतर ४२व्या दिवसाच्या गृहभेटीत आम्ही नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली घ्यायला लागलो आहोत. मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. फॉर्म वेळेवर येतात, पण बहुतेकांची बेरीज दोन, तीन, फार तर चार. त्याच बाया उपकेंद्रात येऊन सांगतात की डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, दूध उतरत नाही, जीव घाबरा होतो. फॉर्म आणि बाई यांचा मेळ बसत नाही.

दहाव्या प्रश्नाशी, म्हणजे स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांच्या प्रश्नाशी, आशाताई अडखळतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल अशी भीती, आणि शेजारी सासूबाई बसलेल्या. बरं, पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ४२व्या दिवशी निम्म्या बाया आमच्या गावात नसतातच. आणि गुण जास्त आले तर पुढे काय करायचं? जिल्हा रुग्णालय आमच्यापासून सत्तर किलोमीटरवर आहे.

तगर

आधी बेरीज तपासा. ही प्रश्नावली सरळ मोजायची नसते. १, २ आणि ४ या तीन प्रश्नांत पहिल्या पर्यायाला ०, पुढे १, २, ३. बाकीच्या सातही प्रश्नांत उलटं: पहिल्या पर्यायाला ३ आणि शेवटच्याला ०. कुणी दहाही प्रश्नांना पहिला पर्याय सांगितला तर खरी बेरीज २१ येते, आणि सरळ मोजणाऱ्याच्या कागदावर शून्य! जुने फॉर्म फेकू नका, उत्तरांवरून पुन्हा मोजा. काही बाया तिथेच सापडतील.

मग सातवा प्रश्न. मूळ अर्थ आहे, मन इतकं खिन्न की झोप लागत नाही. आपल्याकडे तो घाईत ‘झोप होते का?’ असा विचारला जातो आणि उत्तर येतं, ‘बाळ कुठं झोपू देतंय.’ प्रश्न छापील तसाच वाचा आणि पुढे एवढंच जोडा: बाळ झोपलंय, घरात दुसरं कुणी बघणारं आहे, तरी डोळा लागत नाही, असं होतं का? गुण या उत्तरावर द्या. सहाव्या प्रश्नाचंही तेच. ‘कामं जमतात का?’ असं विचारलं की बाई मान हलवणारच, कारण न जमणं तिला कमीपणाचं वाटतं. ‘सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं का?’ या शब्दांत विचारलं की ती बोलते.

आणि जागा. सासूबाईंना बाहेर जायला सांगू नका, घरात त्याचीच चर्चा होते. बाळाच्या अंघोळीची वेळ धरा. तेल लावणं, अंघोळ, शेक, धुरी यात अर्धा तास घरातली मोठी बाई बाळात गुंतलेली असते आणि बाळंतीण मोकळी. प्रश्नावलीला दहा मिनिटं पुरतात. वाचता येणारीच्या हातात कागद आणि पेन द्या, मोठ्याने वाचू नका. वाचता येत नसेल तर पर्याय बोटांवर सांगा; तिने बोट दाखवलं की झालं.

निर्गुडी

दहाव्या प्रश्नाबद्दल अगदी स्पष्ट सांगते. विचारल्याने विचार येत नाही. आधीच आलेला असेल तर सांगायला वाट मिळते. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, मग एकूण बेरीज पाच का असेना, त्या बाईला त्याच दिवशी बघायचं. लगेच विचारा: हल्ली कधी आला असा विचार? कसं करायचं हे मनात आलं का? ती वस्तू घरात आहे का? शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध पडवीत किंवा पलंगाखाली ठेवलेलं असतं. ते घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जायला हवं. उंदराचं औषधही. तिला एकटी सोडायची नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ‘तुझ्या मदतीपुरतं, तुला विचारून एका माणसाला सांगेन’ असं म्हणा. तिथेच बसून आशाताईंच्या फोनवरून १४४१६ लावा. टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा; ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. धोका समोर दिसत असेल तर १०८.

बाकीच्यांसाठी बेरीज १३ किंवा जास्त असेल तर आठवड्याच्या आत वैद्यकीय अधिकारी. १० ते १२ असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली. गोव्यात बाळंतिणींवर झालेल्या एका अभ्यासात मर्यादा १२ धरली होती, त्यामुळे १२ वाली बाई फार काळ थांबवू नका. मात्र हा आकडा म्हणजे निदान नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं, म्हणून त्या दिवसांतल्या बेरजेवर काही ठरवू नका. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जेवण जात नसेल, तर तो आजार समजून पुढे न्या.

सत्तर किलोमीटरची काळजी पहिल्याच दिवशी नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतं तेव्हा धडधड, थकवा, चिडचिड अशीच लक्षणं दिसतात. रक्त कमी असेल तर तेही. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहगोळी घ्यायची असते. ती सुरू आहे का ते पाकीट बघून ठरवा, तोंडी विचारून नव्हे.

गोळ्या लागल्याच तर अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर बहुधा सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध देतात, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करणं आणि घरच्यांनी ‘गोळी चालू आहे, दूध तोडा’ म्हणणं, इथेच बहुतेक उपचार फसतात. त्या दिवसांतली गृहभेट आधीच ठरवून ठेवा. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देणं मात्र थांबवा. गुंगीतल्या आईशेजारी बाळ झोपवणं धोक्याचं.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई रात्र-रात्र जागी, तरी थकलेली नाही, असंबद्ध बोलते, बाळ बदललंय म्हणते, कानात आवाज येतात म्हणते. हजार बाळंतपणांत एक-दोनदा होणारा हा आजार आहे आणि तो तासांत वाढतो. घरात ‘बाहेरचं झालंय’ म्हणून दोन दिवस अंगारा-धुपाऱ्यात जातात. इथे प्रश्नावली काढायचीच नाही, गाडी बोलवायची. बाळाची ताटातूट होईल म्हणून घरचे कचरतात. त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नसतं.

उंबर

माहेरचा प्रश्न ४२व्या दिवशी सुटणार नाही, त्यासाठी आधी जावं लागेल. गोव्याच्या त्याच अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात, ती ओटीभरण करून माहेरी निघायच्या आधी, तुमच्याच आशाताईंनी प्रश्नावली घेतली तर बऱ्याच जणी तिथेच कळतील. ही प्रश्नावली गरोदरपणातही चालते. निघताना माहेरच्या गावच्या आशाताईंचा नंबर घ्या आणि एक फोन करा. ती सासरी परतली की आठवड्यात पुन्हा एकदा. परतण्याचा तो आठवडा जड असतो: माहेरचा आराम संपलेला, स्वयंपाक पुन्हा अंगावर, बाळ नव्या घरात रडतं. आणि मुलगी झाली असेल तर घरातलं बोलणं ऐका. त्या अभ्यासात बाळ मुलगी असणं, नवऱ्याशी न पटणं आणि पैशाची ओढाताण, तिन्हींचा संबंध नैराश्याशी निघाला होता.

१० ते १२ वाल्या बायांना नुसतं ‘बघू’ म्हणून सोडू नका. दर आठवड्याला एक ठरलेलं काम द्या: संध्याकाळी ओट्यावर पंधरा मिनिटं, बाळाला घेऊन शेजारणीकडे, दुपारी एक सलग झोप आणि तेवढा वेळ बाळ आजीकडे. आजीला हे काम नाव घेऊन सांगितलं की होतं, ‘सगळ्यांनी सांभाळा’ म्हटलं की कुणीच करत नाही. पुढच्या भेटीत पहिली चौकशी त्याच कामाची.

रानजाई

जुने फॉर्म आजच काढते. दोन शंका उरल्या. माता-बाल संरक्षण कार्डावर गुण लिहायचे का? आणि बाळाचे वडील?

तगर

कार्डावर अजिबात नको. ते कार्ड घरातलं प्रत्येकजण उघडतं, अंगणवाडीतही जातं. तिथे फक्त पुढच्या भेटीची तारीख. गुण आशाताईंच्या वहीत, नावाऐवजी क्रमांकाने, आणि वही आशाताईंच्या घरी कपाटात.

वडिलांना ‘उदास वाटतं का?’ विचारून हाती काही लागत नाही. झोप किती, चिडून बोलणं वाढलंय का, दारू वाढली का, कामावरून घरी यायला उशीर करतात का, कर्जाचा हप्ता थकलाय का, हे विचारा. बाळाचं वजन घेताना काटा त्यांच्या हातात द्या, म्हणजे बोलायला जागा होते. १४४१६ त्यांच्याही फोनमध्ये जतन करून द्या. बायकोसाठी म्हणून घेतात आणि स्वतः लावतात.