स्वतः बसवायची अलार्म सिस्टिम: पहिल्या मजल्याच्या फ्लॅटसाठी काय घ्यावं?

धायरी_फाटा

पुण्यात धायरीत पहिल्या मजल्यावर २ बीएचके. खाली पार्किंग, हॉलला लागून उघडी टेरेस. पार्किंगच्या शेडवर पाय दिला की टेरेसवर येता येतं. मुख्य दार लाकडी, बाहेरून लोखंडी सेफ्टी डोअर. टेरेसला स्लायडिंग दार. चार खिडक्या, सगळ्या अॅल्युमिनियमच्या तीन ट्रॅकच्या (दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा), ग्रिल दोघींनाच. दिवसा घर बंद, रात्री आई-बाबा असतात. एक मांजर आहे.

तीन पर्याय समोर आहेत:
क) ऑनलाइन मिळणारा ४३३ मेगाहर्ट्झचा किट, सिमकार्डवाला
ख) वायफायवर चालणारे सुटे सेन्सर, मोबाइल अॅपसकट
ग) वायरवालं पॅनेल

बजेट २५ हजार. दरमहा पैसे भरायचे नाहीत. ड्रिल मारायला हरकत नाही, भिंती खोदायच्या नाहीत. काय घ्यावं, आणि कुठे काय लावावं?

लो_करंट

किटमध्ये किती सेन्सर फुकट देतात ते नंतर पाहा. आधी विचारा: एखादा सेन्सर मेला तर पॅनेलला, म्हणजे मुख्य डब्याला, कळतं का?

(क) मध्ये कळत नाही. या किटमधले बहुतेक सेन्सर एकतर्फी असतात. आत ईव्ही१५२७ जातीची चिप, तिचा कोड कायमचा ठरलेला. दार उघडलं की तो कोड हवेत सोडायचा, संपलं काम. सेल उतरला, कोणी सेन्सर उपटला, मधे लोखंडी कपाट आलं आणि रेंज गेली, तरी पॅनेलवर सगळं आलबेल दिसतं. शिवाय न बदलणारा कोड पकडून ठेवून पुन्हा सोडता येतो. रिमोटचाही तोच प्रकार, म्हणजे अलार्म बंद करायचा सिग्नलच चोरीला जाऊ शकतो.

(ख) मधले सेन्सर सेल वाचवायला झोपून असतात. दार हललं की जागे होतात, राउटरला जोडले जातात, क्लाउडला कळवतात, तिथून तुमच्या फोनवर. बऱ्याच ठिकाणी घरातला सायरनसुद्धा याच फेऱ्यावर अवलंबून असतो. इंटरनेट गेलं की सायरन मुका. दाराची नोंद ठेवायला ठीक आहेत, अलार्म म्हणून नाही.

तुमच्यासाठी सेन्सरशी दोन्ही बाजूंनी बोलणारा वायरलेस हब, म्हणजे तसा मुख्य डबा, घ्या. पेटीवर किंवा मॅन्युअलमध्ये या गोष्टी शोधा: सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी देतात आणि हजेरी चुकली तर हब तक्रार करतो, कोड एन्क्रिप्टेड आहे, झाकण उघडलं किंवा भिंतीवरून उपटलं तर छेडछाडीचा इशारा (टॅम्पर) वाजतो, सिग्नल जॅम केला तर कळतं, सायरन वाजवायचा निर्णय हब स्वतः घेतो, क्लाउडला विचारत नाही, लॅन केबल आणि ४जी सिम दोन्ही जोडता येतात, आत बॅटरी आहे. यातलं हजेरीचं कलम नसेल तर बाकी कितीही झगमगाट असला तरी सोडून द्या.

फ्रिक्वेन्सी बघून घ्या. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अमेरिकेतून कोणी सूटकेसमध्ये किट आणून देणार असेल तर नको म्हणा. तिथले सेन्सर बहुधा ३१९.५, ३४५ किंवा ९१५ च्या आसपास चालतात, इथे ते पट्टे मोकळे नाहीत आणि पुढे जादा सेन्सरही मिळणार नाहीत.

होम असिस्टंट (घरच्याच संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर) आणि झिगबी (कमी विजेवर चालणारे वायरलेस) सेन्सर हाही रस्ता आहे आणि चांगला चालतो, पण अपडेटनंतर काही अडलं तर ते सोडवणारा माणूस घरात लागतो. आई-बाबांच्या भरवशावर ठेवण्यासारखं ते नाही.

चुंबक_पट्टी

वरच्याशी सहमत. आता जागा बघू, कारण चांगला हबसुद्धा सेन्सर चुकीच्या ठिकाणी लावला की आठवड्यात तीनदा खोटा बोंबलतो आणि मग घरातले तो चालूच करत नाहीत.

स्लायडिंग खिडक्यांत सगळ्यांचा हिशेब चुकतो. काचेचे दोन्ही पल्ले सरकतात, म्हणजे दर खिडकीला चुंबकाचे दोन सेन्सर (सेन्सर चौकटीवर, चुंबक पल्ल्यावर, दोन्ही लांब गेले की वाजतं). त्यापेक्षा एक पल्ला कायमचा बंद करा: तो सरकू नये म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये त्याच्या कडेला लागून एक स्क्रू मारा. मग सेन्सर एकच. दुसरी गोष्ट, हे पल्ले बाहेरून वर उचलून ट्रॅकमधून काढता येतात. वरच्या ट्रॅकच्या पोकळीत दोन ठिकाणी स्क्रू असे मारा की पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही. टेरेसच्या दारालाही हेच. ग्रिलच्या दोन खिडक्यांना, ग्रिल भिंतीत नीट रुतवलेली असेल तर, सेन्सर नाही लावला तरी चालेल.

रात्री हवेसाठी खिडकी किंचित उघडी ठेवायची असेल तर पल्ल्यावर दुसरं चुंबक लावा, पहिल्यापासून चार इंचांवर, खिडकी बंद होते त्या कडेच्या बाजूला. खिडकी चार इंच उघडी असताना ते सेन्सरसमोर येतं आणि हबला खिडकी बंदच वाटते. त्यापुढे सरकवली की वाजेल.

चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर साध्या प्रकाराला १० मिमीच्या आत ठेवा, मॅन्युअल जास्त म्हणत असलं तरी. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेवढी ढिलाई लागते. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवू नका. लोखंड चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं आणि पकड जवळपास निम्मी होते. मधे ८-१० मिमीचा प्लास्टिकचा तुकडा द्या, किंवा जास्त अंतर झेपणारा मोठा सेन्सर घ्या. खरं तर सेफ्टी डोअरला सेन्सर नकोच. दूधवाला, पेपरवाला, कुरियर, दिवसभर तेच उघडझाप होतं. त्याऐवजी आतल्या लाकडी दाराला चुंबकाचा सेन्सर आणि लॅचच्या बाजूला एक कंपनाचा सेन्सर. कडी-कोयंडा उचकटायला सुरुवात झाली की दार उघडायच्या आधीच वाजतं. कंपनाची संवेदनशीलता मधल्या पायरीवर ठेवून दार जोरात आपटून बघा. त्याला वाजता कामा नये.

पीआयआर, म्हणजे माणसाच्या उष्णतेवर चालणारा सेन्सर, पॅसेजच्या कोपऱ्यात २.१ ते २.२ मीटर उंचीवर. आत येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जायला हवा. सरळ सेन्सरच्या दिशेने येणारा उशिरा पकडला जातो. ऊन येणाऱ्या खिडकीकडे, एसीकडे किंवा फ्रिजच्या मागच्या बाजूकडे तोंड नको. आपल्याकडचे दोन खास त्रास: एक, एप्रिल-मेमध्ये बंद घर ३५-३६ अंशांवर जातं, भिंत आणि माणूस यांच्यातला फरक उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. तापमानानुसार संवेदनशीलता बदलणारं मॉडेल घ्या आणि चाचणी मेमधल्या दुपारी करा, जानेवारीत नाही. दोन, पाल. लेन्सवरून पाल गेली की सेन्सरच्या हिशेबी तो हत्ती असतो. मागच्या बाजूची वायरची भोकं सिलिकॉनने बुजवा, जवळ ट्यूबलाइट असेल तर जागा बदला, कारण किडे तिथे आणि पाल किड्यांमागे.

टेरेसच्या दाराला आतून पडद्यासारखी अरुंद पट्टी बघणारा कर्टन सेन्सर. बाहेर लावाल तर कबुतरं रोज वाजवतील.

चिकटपट्टीवर विसंबू नका. डिस्टेंपरवर ती रंगाच्या पापुद्र्यासकट सुटते. प्लास्टिक प्लग आणि स्क्रू.

धायरी_फाटा

फार उपयोगी. मांजराचं काय? काही पीआयआरवर २० किलोपर्यंतचा प्राणी चालतो असं लिहिलंय. आणि आमच्याकडे गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं की पाच-सहा तास वीज नसते. सिम जिओचं चालेल ना?

चुंबक_पट्टी

ते २० किलो जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याचे. असा सेन्सर खालचा भाग कमी बघतो, म्हणून लावायची उंची काटेकोर पाळावी लागते. मांजर सोफ्याच्या पाठीवर किंवा टीव्हीच्या कपाटावर चढलं की हिशेब संपला. म्हणूनच पॅसेज म्हटलं, जिथे चढायला फर्निचर नाही. रात्रीच्या मोडमध्ये पॅसेजचा पीआयआर वगळा, फक्त दारं-खिडक्या, कंपन आणि टेरेसचा कर्टन चालू. मांजर टेरेसच्या दाराशी झोपत असेल तर रात्री कर्टनही वगळावा लागेल.

बारा_व्होल्ट

सिमचं आधी. जिओचं २जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे २जीवर चालणाऱ्या स्वस्त पॅनेलमध्ये ते कार्ड नोंदवलंच जात नाही. ४जी हब असेल तर डेटा चालेल, पण आवाजी कॉल व्हायला हबला व्होल्टी, म्हणजे ४जीवरून आवाजी कॉल, जमायला हवं. ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. घरातल्या ब्रॉडबँडची जी कंपनी, तिचंच सिम नको. सिमवरचा पिन लॉक फोनमध्ये टाकून काढून घ्या. प्रीपेडची मुदत संपली की अलार्म गुपचूप मुका होतो, म्हणून लांब मुदतीचा रिचार्ज आणि कॅलेंडरवर आठवण.

विजेचं: हबच्या आतली बॅटरी पाच-सहा तास काढेल, पण राउटर आणि फायबरचा डबा त्याआधीच झोपतात. घरात इन्व्हर्टर असेल तर हब, राउटर, फायबरचा डबा तिन्ही त्या लाइनवर. नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. आधी राउटर आणि डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचा. तरीही खाली सोसायटीतला इंटरनेटवाल्याचा स्विच बंद पडला तर लाइन जाणारच. तेवढ्यासाठी सिम.

(ग) ला कोणी विचारलंच नाही, म्हणून दोन शब्द. भिंती खोदायच्या नसतील तर तुमच्यासाठी नाही, पण बंगला किंवा नवं बांधकाम असेल तर मी वायरच घालीन. पॅनेल, कीपॅड, चार पीआयआर मिळून साधारण २०० मिलिअँपिअर धरा. २४ तासांचे ४.८ अँपिअर-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी दिवस काढते, तिसऱ्या वर्षी काढत नाही. पॅनेल माळ्यावर ठेवलं तर त्याहून लवकर मरते, उष्णता हा तिचा शत्रू. आणि झोनच्या, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंतच्या एका वायरीच्या, टोकाचा रेझिस्टर सेन्सरच्या आत बसवायचा असतो. बरेच जण सोयीसाठी तो पॅनेलच्या डब्यातच लावतात, मग मधली वायर शॉर्ट केली तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. रेझिस्टर, केबल, बॅटरी सगळं तापकीर गल्लीच्या बाजारात मिळतं. रेझिस्टरची किंमत किती ओहम ते मात्र मॅन्युअल बघून न्या, प्रत्येक पॅनेलचं वेगळं.

जुनी_कडी

हब कुठे ठेवणार ते कोणी बोललं नाही. दार उघडल्यावर समोर दिसला तर चोर पहिल्या दहा सेकंदांत तो भिंतीवर आपटेल. पॅसेजच्या आत, नजरेआड ठेवा, लोखंडी कपाटात किंवा मीटरच्या डब्यात नाही. आत येताना अलार्म बंद करायला मिळणारी मुदत २० सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. ती फक्त मुख्य दाराला आणि त्यामागच्या पॅसेजच्या पीआयआरला. टेरेस आणि खिडक्या तत्काळ. सायरन दोन, एक आत, एक टेरेसकडे हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. वाजण्याची वेळ तीन मिनिटं, नाहीतर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय तुमचाच.

फोन नंबरांच्या यादीत ११२ घालू नका. यंत्राच्या कॉलला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. कॉल माणसांना जाऊ दे, ११२ ला माणूस फोन करील. आणि यादीत फक्त समोरचा शेजारी ठेवू नका. घरफोडी करणारे आधी आजूबाजूच्या दारांना बाहेरून कड्या लावतात, शेजारी जागा होऊन आतच अडकतो. वरच्या मजल्यावरचा एक आणि वॉचमन असे दोन नंबर हवेतच.

तुमच्या घराचं गणित: चुंबकाचे चार (मुख्य दार, टेरेस, बिनग्रिलच्या दोन खिडक्या), कंपन एक, पीआयआर एक, कर्टन एक, सायरन दोन, कीपॅड एक, आई-बाबांच्या पलंगाशी पॅनिक बटण एक. बजेट ताणलं गेलं तर बाहेरचा सायरन पुढच्या महिन्यावर ढकला, कंपनाचा सेन्सर ढकलू नका.

धायरी_फाटा

यादी उतरवून घेतली. शेवटचं: याच हबला गॅसचा सेन्सर जोडता येतो असं दिसतंय. तो ओट्याखाली लावू का?

बारा_व्होल्ट

गॅस कुठला त्यावर. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. सेन्सर जमिनीपासून ३० सेंमीच्या आत. एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन असेल तर तो मिथेन, हवेपेक्षा हलका. सेन्सर छतापासून ३० सेंमीच्या आत. सेन्सरवर कुठल्या गॅससाठी आहे ते छापलेलं असतं, ते जुळवून घ्या. शेगडीच्या थेट वर नको, फोडणीच्या वाफेने आणि तेलाने निकामी होतो. आणि तो २४ तासांच्या झोनमध्ये टाका, अलार्म चालू असो वा बंद.