नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांना उन्हाळी सुट्टीत काय वाचायला आणि लिहायला द्यावं?

प्रश्न : मराठीची शिक्षिका, आटपाडी तालुका

नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. 1 मेला निकाल वाटला की मुलं थेट जूनच्या मध्यावर भेटतात. यंदाच्या नववीत चाळीसेक मुलं आहेत. बऱ्याच जणांच्या घरी डाळिंब नाहीतर मेंढरं. काहींचे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडू, केरळकडे असतात. ती मुलं सुट्टी लागली की वडलांकडे जातात.

सुट्टीचा अभ्यास वर्षानुवर्षं ठरलेला आहे. रोज पानभर शुद्धलेखन, पंधरा निबंध, दहा पत्रं. जूनमध्ये वह्यांचा गठ्ठा येतो आणि ‘माझा आवडता ऋतू’ हा प्रत्येकाचा पावसाळाच असतो, प्रत्येकाच्या पावसाळ्यात मोर नाचतो. निबंध गाईडमधून उतरवलेले, आता काही मोबाईलकडून लिहून घेतलेले. आमच्या वर्गात धनगराची एक मुलगी आहे. मेंढरांना पावसाळ्यात काय काय होतं, कोकरू आईला लागत नसेल तर काय करायचं, हे तिनं एकदा मधल्या सुट्टीत मला इतकं नेमकं सांगितलं की मी डबा खायची विसरले. तिच्याच वहीत ‘निसर्ग हा मानवाचा सखा आहे’ असं वाक्य वाचलं की जिवाला लागतं. या मुलांकडे सांगण्यासारखं फार आहे आणि आपण ते मागतच नाही.

म्हणून विचारते. या वयाला कोणती पुस्तकं द्यावीत? लिहायला काय द्यावं म्हणजे त्यांचं स्वतःचं येईल? पालकांना दहावीची तयारी हवी आहे, तेही चुकीचं म्हणता येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावं.

उत्तर 1 : निवृत्त मराठी शिक्षक, सांगोला

मॅडम, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर हेच शिकवलं, म्हणून जरा लांबण लागेल.

पहिलं काम एप्रिलमध्येच करा. ग्रंथालयाचं कपाट उघडून सगळी पुस्तकं वर्गात बाकांवर मांडा आणि दोन तास मुलांना नुसती हाताळू द्या. पहिलं पान वाचून नको वाटलं तर परत ठेवू द्या. प्रत्येकानं दोन पुस्तकं न्यायची, एक त्याच्या मनाचं आणि एक तुम्ही दिलेलं. मनाचं म्हणजे खरोखर मनाचं. भुताच्या गोष्टी घेतल्या तरी नाक मुरडू नका. पुस्तकं हरवतील म्हणून कपाटाला कुलूप लावणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. वाळवीनं खाण्यापेक्षा एखादं पुस्तक बांधावर हरवलेलं चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही द्यायच्या पुस्तकासाठी लांब जाऊ नका. तुमचा तालुका केवढा श्रीमंत आहे बघा. शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर 1973 साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. माडगुळ्याचे त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर 1983 साली अंबाजोगाईला. आटपाडीचे शंकरराव खरात त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 साली, जळगावला. एका दुष्काळी तालुक्यातले तीन अध्यक्ष. मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं लेखक पुण्या-मुंबईला होतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्याच. 1955 साली पुस्तकरूपात आलेली ही छोटी कादंबरी आहे, नववीच्या मुलाला आठवडाभरात वाचून होते. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शिकवायला येतो, एवढ्यावर ती सुरू होते. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानातच होती, म्हणजे पोरांच्या पणज्यांचा तो काळ. तुम्ही सांगितलेल्या त्या मुलीच्या हातात तर हे पुस्तक आधी पडू दे. मेंढरं, ती कोंडायची वाघरं (जाळी), वाडीचा कारभारी, शेवटी दुष्काळ आणि वाडीची दाणादाण, हे तिला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. उलट तिच्याकडून तुम्हाला चार गोष्टी कळतील.

खरातांचं आत्मचरित्र ‘तराळ अंतराळ’ जाडजूड आहे, सगळं देऊ नका. लहानपणाची सुरुवातीची प्रकरणं तुम्ही स्वतः निवडून द्या आणि त्याबद्दल वर्गात आधी बोला. महारवाड्यातल्या पोराला शाळेपर्यंत पोचायला काय सोसावं लागलं, हे आपल्याच गावचं आहे म्हटल्यावर मुलं गप्प होऊन ऐकतात. हेच गृहस्थ पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हेही सांगा. शिवाय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईची ती भाषा आहे, बोलल्यासारखी, आणि लिहायला घाबरणाऱ्या मुलाला तिच्यामुळे धीर येतो. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ ज्याला शाळेतल्या पोराचं मन वाचायला आवडेल त्याला. बस. यादी वाढवली की ती नोटीस बोर्डावरच राहते.

पुस्तकाचा सारांश आणि ‘मला मिळालेला बोध’ मात्र मागू नका. तिथंच नक्कल सुरू होते. त्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी एक उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचा, तो वहीत उतरवायचा आणि ऐकणारा काय म्हणाला ते खाली लिहायचं. आजी म्हणाली ‘असलं काय बी नसतंय’, तर तेच लिहायचं.

आता लेखन. एकच मोठं काम द्या, पंधरा निबंध नकोत. माझ्या मते सगळ्यात चांगला विषय 1972 चा दुष्काळ. तेव्हा जे दहा-पंधरा वर्षांचे होते ते आज साठी ओलांडलेले आहेत आणि प्रत्येक वस्तीवर भेटतात. खडी फोडायला कोण जायचं, मजुरी काय मिळायची, कामावर खायला मिळणारी सुकडी कशी लागायची, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली कशा उतरवल्या, जनावरांचं काय केलं, गावातला पाझर तलाव कुणी खोदला. असे प्रश्न मुलांना लिहून द्या. ‘तेव्हा कसं वाटलं’ हा प्रश्न देऊ नका, माणूस त्यावर दोन शब्द बोलून थांबतो. काय खाल्लं, कुठं झोपला हे विचारलं की वाटलेलं आपोआप येतं. मग दुसरा भाग : टेंभू उपसा योजनेचं पाणी रानात आल्यावर काय बदललं. कृष्णेचं पाणी उचलून इतक्या वरच्या माळावर आणलंय, आधीची आणि नंतरची दोन्ही रानं बघितलेली माणसं आज घरात आहेत. दहा वर्षांनी ती सगळी नसतील.

भाषेचं म्हणाल तर आजोबांचं बोलणं जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. मुलाचं स्वतःचं निवेदन प्रमाण भाषेत. अशानं व्याकरणही शिकून होतं आणि बोलीचा अपमानही होत नाही.

उत्तर 2 : पालक, विटा

सरांचं सगळं पटतं, पण पालकांची बाजूही ऐका. माझी मुलगी यंदा दहावीत जाणार. क्लासची व्हेकेशन बॅच मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, सकाळी गणित, दुपारी विज्ञान. त्यात कादंबरी आणि मुलाखती कुठं बसवायच्या? मराठीला मार्क पडले पाहिजेत ही अपेक्षा आहे, कारण टक्केवारीत तो विषय हात देतो. याचा परीक्षेत उपयोग काय ते कुणी स्पष्ट सांगितलं तर आम्ही पालकसुद्धा पाठीशी उभे राहू.

उत्तर 3 : माध्यमिक शिक्षक, सोलापूर

ताई, तुमची शंका रास्त आहे. दहावीच्या कुमारभारतीचा, म्हणजे मराठीचा, लेखी पेपर 80 गुणांचा, त्यातलं उपयोजित लेखन 24 गुणांचं. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे सगळं त्यात येतं. हे गुण पाठ करून मिळवायचे म्हटलं तर मुलं दरवर्षी त्याच चार सुरुवाती घोकतात, आणि पेपरात विषय जरा वेगळा आला की कोरी पडतात.

सरांनी सांगितलेल्या कामातूनच या सगळ्याचा सराव होतो. आजोबांशी अर्धा तास झालेलं बोलणं एका पानात बसवलं की तो सारांश. पाझर तलावाचा गाळ काढायचं काम चालू असेल तर त्याची बातमी, मथळा, ठिकाण, तारीख आणि कोण काय म्हणालं त्यासकट. घरच्या डाळिंबाची किंवा आईच्या शेवयांची जाहिरात. पत्राच्या बाबतीत मी एक आग्रह धरतो. ते खरोखर पाठवायचं. वस्तीवरचा हातपंप बंद असेल तर ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा, पोच घ्यायची आणि पोचेची प्रत वहीत चिकटवायची. ज्या मुलानं खरा अर्ज दिलाय त्याला विषय, संदर्भ, मायना यांचा क्रम शिकवावा लागत नाही, कारण तिथल्या लिपिकानं तो आधीच विचारलेला असतो.

वेळेचं म्हणाल तर क्लासहून आल्यावर रोज वीस मिनिटं वाचन पुरे. मुलाखत म्हणजे आजीजवळ बसणंच की.

उत्तर 4 : गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल, मिरज तालुका

थोडी माहितीची भर घालते. शाळेच्या कपाटात पुस्तकं कमी पडत असतील तर तालुक्यातल्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बोला. सुट्टीपुरतं शाळेच्या नावावर पुस्तकांची पेटी द्यायला बहुतेक ग्रंथपाल आनंदानं तयार होतील, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे येतात ते फक्त पेपर वाचणारे.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. गलाईवाल्यांची मुलं परगावी जातात, त्यांच्या हातात पुस्तक देता आलं नाही तर हे अंक वडलांच्या मोबाईलवर वाचता येतील. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकंही तशीच मोफत मिळतात. आणि कुणाला सहल काढायची असेल तर पाचगणीजवळचं भिलार. मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायला पैसे पडत नाहीत.

एक विनंती. नववीत गेलेल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं अडखळतात. त्यांना वर्गासमोर बारीक पुस्तक देऊन वेगळं काढू नका. भावंडानं वाचायचं आणि त्यानं ऐकायचं, अशी जोडी लावून द्या. ऐकलेलं पुस्तकही वाचलेलंच धरा.

उत्तर 5 : गलाईवाल्याचा मुलगा, सध्या कोल्हापूरला बी.ए.

मी खानापूर तालुक्यातला. वडील कोइमतूरला दुकान चालवतात. नववीच्या सुट्टीत आमच्या बाईंनी एकच सांगितलं होतं, ‘वडील दिवसभर काय करतात ते बघ आणि असं लिही की मला भट्टी न बघता कळली पाहिजे.’

तोवर मला एवढंच माहीत होतं की पप्पा सोनं गाळतात. त्या सुट्टीत पहिल्यांदा दुकानात वर बसून न राहता खाली भट्टीपाशी गेलो. सोनं वितळवायची मूस कशी ठेवतात, सराफाकडून आलेलं जुनं सोनं वितळवून त्यातली भेसळ कशी काढतात, तेजाबाचा धूर आला की पप्पा तोंडावर पंचा कसा धरतात. सगळं विचारून लिहीत गेलो. पप्पा सुरुवातीला म्हणाले, ‘हे काय लिहायचं असतंय व्हय?’ नंतर तेच रात्री दुकान बंद झाल्यावर विचारायचे, आज काय लिहिलंस, वाच. बोलता बोलता ते मुळात कितव्या वर्षी घरातून निघाले, सुरुवातीला कुणाच्या दुकानात भांडी घासली, तमिळ कशी शिकली, हे सगळं निघालं. आईलाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

बाईंनी जूनमध्ये वही परत दिली तेव्हा समासात लाल शेऱ्यांऐवजी प्रश्न होते. ‘ही मूस कशाची असते?’, ‘इथं भीती नाही वाटली?’ मी उत्तरं लिहून वही परत नेऊन दिली. त्याआधी माझं लिहिलेलं कुणी असं वाचलं नव्हतं. मॅडम, परगावी जाणाऱ्या मुलांना तुम्ही हेच द्या, एवढंच सांगायला लिहिलं.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 1972 आणि टेंभू हे विषय पक्के केले, परगावच्या मुलांना वडलांचं काम. सर, एक शेवटचं विचारते. चाळीस वह्या तपासायच्या कशा? आणि एखाद्यानं मुलाखतसुद्धा मोबाईलकडून लिहून आणली तर?

निवृत्त मराठी शिक्षक, सांगोला

गुण देऊ नका. या विद्यार्थ्याच्या बाई करायच्या तसे समासात प्रश्न लिहा, वहीमागे दोन-तीन पुरेत. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं फक्त अधोरेखित करा, दुरुस्ती त्यालाच शब्दकोश बघून करू द्या. रोज चार वह्या धरल्या तर पंधरवड्याच्या आत होतात.

मोबाईलचं लगेच कळतं. त्यात माणसाचं नाव नसतं, वस्तीचं नाव नसतं, मजुरीचा आकडा नसतो. अशा मुलाला रागावू नका, जवळ बसवा आणि विचारा, आजोबा कुठल्या तलावावर कामाला होते? माहीत नसेल तर वही परत द्या, जुलैचा पहिला आठवडा मुदत द्या. आणि आजोबांना शाळेतच बोलवता आलं तर उत्तम. म्हातारी माणसं शाळेत यायला लाजतात, म्हणून निरोप मुलाकडून धाडू नका, तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा.