टॅली ७.२ आणि ईआरपी ९ चा जुना डेटा टॅलीप्राइममध्ये दिसत नाही

रोजमेळ: एका ट्रेडिंग फर्मचा २००८-०९ पर्यंतचा डेटा टॅली ७.२ (टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती) मध्ये आहे, पुढचा त्यानंतरच्या ईआरपी ९ आवृत्तीत. नव्या मशीनवर त्याचीच नवी आवृत्ती टॅलीप्राइम आहे, ३.० नंतरची रिलीज. दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवरून कॉपी केले, पाथ दिला, तरी कंपन्यांची यादी रिकामीच. थेट उघडतात का?

खतावणी: ईआरपी ९ चा उघडतो, ७.२ चा नाही.

आधी पाथ बघा. ईआरपी ९ मध्ये कंपनीचं फोल्डर म्हणजे १०००३ सारखा पाच आकडी नंबर आणि आत ९०० एक्स्टेन्शनच्या फाइल्स. अल्ट+एफ३ मध्ये (कंपनी निवडायची स्क्रीन) पाथ देताना नंबरच्या बाहेरच्या फोल्डरवर थांबायचं. कॉपी करताना १०००३ च्या पोटात दुसरं १०००३ तयार झालं असेल, तरीही कंपनी दिसत नाही. नव्वद टक्के घोळ इथेच असतो.

उघडायच्या आधी जुन्या मशीनवर, सगळ्या युजरना बाहेर काढून बॅकअप घ्या (टीबीके९००.००१ ही फाइल तयार होते) आणि डेटा फोल्डरची वेगळी कॉपीही ठेवा. मगच ईआरपी ९ मध्ये कंट्रोल+अल्ट+आर ने रीराइट (डेटा फाइल्स नव्याने लिहून दुरुस्त करणं). हा क्रम उलटा करू नका. रीराइट मधेच वीज जाऊन अडकलं तर परतीचा रस्ता राहत नाही. रीराइटनंतर ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) आणि स्टॅटिस्टिक्समधली व्हाउचरची संख्या प्रकारानुसार छापून घ्या. प्राइममध्ये मायग्रेशन (जुना डेटा नव्या आवृत्तीच्या स्वरूपात बदलणं) झालं की हेच दोन कागद जुळवायचे. ट्रायल बॅलन्सच्या नुसत्या बेरजा जुळणं पुरत नाही, कारण जर्नल किंवा काँट्राची (रोख-बँक हस्तांतराची) आख्खी नोंद गळाली तरी दोन्ही बाजू जुळतातच.

ताळेबंद: ७.२ साठी मधली पायरी आहे. ईआरपी ९ च्या फोल्डरमध्ये टॅली७२मायग्रेशन नावाचं टूल असतं. त्यात जुन्या डेटाचा पाथ आणि नव्या, रिकाम्या फोल्डरचा पाथ द्या. तो डेटा ईआरपी ९ मध्ये उघडून तपासा, मग प्राइम.

व्हॉल्ट पासवर्ड (कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा टॅलीचा पासवर्ड) हाताशी ठेवा. तो हरवला तर कुणीही काढून देऊ शकत नाही. आणि टीडीएल (टॅलीत जोडलेले खास बदलांचे छोटे प्रोग्रॅम) आधी बंद करा. जुन्या स्क्रीनसाठी लिहिलेलं टीडीएल प्राइममध्ये एरर देतं आणि दोष मात्र डेटाचा वाटतो.

रोजमेळ: मायग्रेशननंतर तोच डेटा ईआरपी ९ मध्ये परत उघडेल? रोजचं बिलिंग अजून तिथेच चालू आहे.

खतावणी: नाही. म्हणून मायग्रेशन कॉपीवर करून बघा आणि पक्का बदल महिनाअखेरीला, बिलिंग थांबवून करा. दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या तर बिल नंबर एकमेकांत घुसतात.

ताळेबंद: मायग्रेशननंतर जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) मध्ये 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स', म्हणजे माहिती अपुरी असलेले व्यवहार, दिसतील. बहुतेकदा पार्टीचं राज्य, रजिस्ट्रेशन प्रकार किंवा एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) अर्धवट असतो. दुरुस्ती मास्टरमध्ये (पार्टी आणि मालाच्या मूळ नोंदीत) करा. रिटर्न भरून झालेल्या महिन्यांच्या व्हाउचरना हात लावू नका.