पहिल्या मंत्रिमंडळाचा तक्ता : कुठली यादी धरायची?

खानापूरकर :
वाचनालयासाठी भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा तक्ता करतोय. एका यादीत लियाकत अली खान अर्थमंत्री, दुसरीत षण्मुखम चेट्टी. राज्यघटना तर १९५० ची, मग हे सरकार कुठल्या कायद्यावर चाललं? आपल्या बेळगाव भागाशी काही संबंध असला तर तोही सांगा की.

टिळकवाडी :
पहिली यादी हंगामी सरकारची. ते २ सप्टेंबर १९४६ ला आलं, ऑक्टोबरात मुस्लिम लीग सामील झाली आणि अर्थखातं लियाकत अलींकडे गेलं. तुम्हाला हवी ती १५ ऑगस्ट १९४७ ची, नेहरू धरून चौदा जणांची. कायदा म्हणजे ब्रिटिशांचा १९३५ चा भारत सरकार कायदाच, दुरुस्त्या करून वापरलेला. संसद नव्हती, म्हणून संविधान सभाच कायदेमंडळ म्हणूनही बसायची.

नावापुढे पक्ष जरूर लिहा. आंबेडकर (कायदा) शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, श्यामाप्रसाद मुखर्जी (उद्योग व पुरवठा) हिंदू महासभेचे. चेट्टी, जॉन मथाई (रेल्वे), भाभा (व्यापार) हेही काँग्रेसचे नव्हेत. या मंत्रिमंडळाचं खरं मोल तिथंच आहे.

निपाणी वाचक :
फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली होती. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेने त्यांना संविधान सभेवर पाठवलं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता, म्हणजे त्या विधानसभेत आपल्याकडचे आमदारही बसत होते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री.

शहापूर :
फोटो लावताना जपा. मधे राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती म्हणून बसलेत आणि गाडगीळ मागे उभे आहेत, तो जानेवारी १९५० चा. त्यात चेट्टी आणि भाभा नाहीत, उलट नंतर आलेले नियोगी, दिवाकर आहेत. १९४७ च्या यादीत राजेंद्रप्रसाद अन्न व शेतीमंत्री.

आणि पटेलांपुढे फक्त ‘गृह’ लिहू नका. माहिती-नभोवाणी आणि संस्थानं ही खातीही त्यांचीच. आमचं शहापूर बेळगावला चिकटलेलं, पण तेव्हा सांगली संस्थानात. ८ मार्च १९४८ ला सांगली मुंबई प्रांतात विलीन झालं, ते याच संस्थान खात्याचं काम.

खानापूरकर :
मग निर्वासितांचं खातं कुणाकडे? चौदांत दिसत नाही.

टिळकवाडी :
१५ ऑगस्टला ते नव्हतंच ओ. पंजाबातून लोंढे सुरू झाल्यावर सप्टेंबरात मदत व पुनर्वसन खातं काढलं आणि के. सी. नियोगींना दिलं. तक्त्यात खाली वेगळी ओळ करा, चौदांत मिसळू नका.