सरकारी पैशाच्या अंड्यांना पिंजरामुक्तीची अट हवी का?

गोदाकाठकर (नाशिक रोड)

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांतील अंगणवाड्यांत सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस, म्हणजे महिन्याला 16 अंडी देण्याची तरतूद आहे. जे अंडे खात नाहीत त्यांना केळी मिळतात. ही खरेदी करदात्यांच्या पैशातून होते, आणि तरीही ते अंडे देणारी कोंबडी कशी ठेवली होती, हा प्रश्न खरेदीच्या कोणत्याही टप्प्यावर विचारला जात नाही.

व्यापारी अंड्यांचा मोठा हिस्सा पिंजऱ्यांतून येतो. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी प्रत्येक कोंबडीला किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा ठरवून दिली, पण जुन्या फार्मना त्यासाठी 1 जानेवारी 2030 पर्यंत मुदत आहे. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ सुमारे 624 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे सुधारणा झाल्यावरही कोंबडीच्या वाट्याला एक अख्खा कागद येत नाही, आणि पंख पसरणे, माती उकरणे, आडोशाला बसून अंडे घालणे यांपैकी काहीही तिला करता येत नाही. युरोपीय संघाने साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हाच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, खासगी ग्राहकाने काय घ्यावे हा त्याचा प्रश्न असला, तरी शासनाने स्वतःच्या कायद्याशी विसंगत पद्धतीने तयार झालेला माल 2030 ची वाट पाहत विकत घेऊ नये. खरेदीच्या अटींत ‘पिंजरामुक्त’ हा शब्द आत्ताच यावा.

सुरगाणेकर

धागाकर्त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, क्रमाविषयी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शाळांच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून ‘लोकसहभागातून द्या’ असे शाळांना सांगितले. ज्या पाड्यावर पालक हंगामात द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीला जातात, तिथे लोकसहभाग कोणाकडून गोळा करायचा? साध्या अंड्याचीच ही स्थिती असताना त्याला महाग करणारी अट जोडली, तर अंडे बंद करू पाहणाऱ्यांना सोयीचे कारण मिळेल.

हिशेब करून पाहावा. पिंजरामुक्त अंडे नगामागे दोनच रुपयांनी महाग धरले, तरी 16 अंड्यांमागे बालकागणिक महिन्याला 32 रुपये वाढतात. ते अनुदानात वाढवून मिळाले नाहीत, तर अंडी खरेदी करणारी आहार समिती काय करणार, हे सांगायला नको: अंडी कमी होतील. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि त्या वयात ती दुसऱ्या कशातून भरून काढणे आमच्याकडच्या घरांना सोपे नाही. कोंबडीच्या पंखांची चिंता करण्यापूर्वी मुलाच्या दंडाचा घेर (कुपोषण मोजण्याची खूण) पाहावा, असे मला वाटते.

पशुसेवक_सिन्नर

पिंजरामुक्त म्हणजे आपोआप सुखी, हा समज सोडावा. गादी पद्धतीत (जमिनीवर तूस पसरून कोंबड्या मोकळ्या ठेवतात ती) तूस ओले राहिले की अमोनिया वाढतो, पायांना जखमा होतात, कोंबड्या एकमेकींना टोचतात. अट घालायचीच असेल तर ती तपासता येईल अशी असावी. युरोपात अंड्याच्या कवचावरच पद्धतीचा आकडा छापतात, तीन म्हणजे पिंजरा. आपल्याकडे ट्रेमधल्या अंड्यावरून काहीच कळत नाही.

गोदाकाठकर

तपासणीचा मुद्दा मान्य. परंतु सुरगाणेकर यांच्या युक्तिवादात अंड्याची किंमत कायमची ठरलेली आहे, असे गृहीत आहे. अनुदान वाढवून घेण्याची मागणी आणि अट या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयात का मागू नयेत? शिवाय अमृत आहाराची खरेदी गावपातळीवरील आहार समितीकडून होते, आणि त्याच गावांत परसातल्या कोंबड्या आधीपासून मोकळ्याच फिरतात. बचत गटांकडून घेतलेली अंडी आपोआप पिंजरामुक्त असतील, शिवाय पैसाही गावातच राहील.

सुरगाणेकर

हे ऐकायला गोड आहे. 40 बालकांच्या अंगणवाडीला महिन्याला 640 अंडी लागतात. गावरान कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते आणि मधल्या काळात खुडूक बसते, म्हणजे एका अंगणवाडीसाठी शंभराहून अधिक कोंबड्या हव्यात. ग्रामप्रियासारखी सुधारित जात परसात दीडशेहून अधिक देते, तेव्हा पन्नासेकात भागेल. पण मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) एक साथ आली की त्या आठवड्याचा डबा कोणी भरायचा? लसीकरण आणि रात्रीचे खुराडे यांची व्यवस्था आधी करा.

नंतर अट घाला, मी पाठिंबा देईन. तीही टप्प्याने: जेवढी गावातून मिळतील तेवढी गावातून आणि उरलेली बाजारातून, मग ती पिंजऱ्यातली असोत. संपूर्ण बंदीची अट आजच घातली, तर पावसाळ्यात घाट बंद पडल्यावर गावाबाहेरची गाडी येणार नाही आणि गावातली अंडी पुरणार नाहीत.

गोदाकाठकर

टप्पे चालतील, पण प्रत्येक टप्प्याला तारीख हवी. तारीख नसलेला टप्पा मला मान्य नाही. आणि ‘उरलेली बाजारातून’ घेतानाही 550 ची मर्यादा न पाळणाऱ्या फार्मचा माल नको, एवढे तरी आजच लिहिता येईल.

पशुसेवक_सिन्नर

लिहिता येईल. मात्र ठोक व्यापारी पाच फार्मचा माल एकाच गाडीत भरतो. त्यामुळे पावतीवर फार्मचे नाव असलेच पाहिजे, ही अट त्याआधी लिहावी लागेल.